मदत हवी आहे: व्हीएम बंद न पाडता डीएनएसमास्कचे लॉग कमी कसे करायचे?

केव्हीएम (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) होस्टवर लिब्व्हर्टचं (व्हीएम आणि त्यांचं नेटवर्क सांभाळणारं साधन) 'डिफॉल्ट' नेटवर्क, ४० व्हीएम. त्यांना आयपी पत्ते डीएनएसमास्क हा प्रोग्राम डीएचसीपीने देतो. लीज (पत्ता वापरायची मुदत) १ तासाची, ती निम्मी झाली की व्हीएम नूतनीकरण मागतो, त्यामुळे दर अर्ध्या तासाला प्रत्येक व्हीएममागे 'डीएचसीपीरिक्वेस्ट' आणि 'डीएचसीपीअ‍ॅक' (मागणी आणि मंजुरी) अशा दोन ओळी सिसलॉगमध्ये (सिस्टिमच्या लॉगमध्ये) पडतात. खऱ्या एरर त्यात बुडून जातात.

डिफॉल्ट.कॉन्फ (या नेटवर्कची डीएनएसमास्कची सेटिंग फाइल) हाताने बदलून पाहिली. नेटवर्क सुरू होताना लिब्व्हर्ट ती नव्याने लिहितो, बदल पुसला गेला. मग लिब्व्हर्टच्या नेट-एडिट कमांडने नेटवर्कच्या एक्सएमएलमध्ये डीएनएसमास्कची नेमस्पेस देऊन 'क्वाएट-डीएचसीपी' (या ओळी लॉग न करण्याचा ऑप्शन) घातलं. टेस्ट होस्टवर चाललं, पण त्यासाठी नेट-डिस्ट्रॉय, नेट-स्टार्ट (नेटवर्क बंद करून परत सुरू) करावं लागलं. ब्रिज (व्हीएमना जोडणारा व्हर्च्युअल स्विच) नव्याने बनला आणि चालू व्हीएमचे टॅप इंटरफेस (त्यांची व्हर्च्युअल नेटवर्क जोडणी) त्यापासून सुटले. चालू नेटवर्क बदलणारी नेट-अपडेट कमांड हे ऑप्शन घेतच नाही.

सिसलॉगमध्ये फिल्टर लावणं माहीत आहे, मला मुळातच ओळी नकोत. प्रॉडक्शनवर ब्रिजला हात न लावता फक्त डीएनएसमास्क नव्या ऑप्शनसह परत उठवायची खात्रीची पद्धत कोणती?