मदत हवी आहे : एकाच प्रेझेंटेशनमधल्या स्लाइड दोन वेगळ्या क्रमांनी दाखवायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

मी नौपाड्यात राहते. शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे. पॉवरपॉइंटमध्ये ठाण्याच्या इतिहासावर ५८ स्लाइड केल्या आहेत. रविवारी त्या आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर दाखवायच्या आहेत आणि पुढच्या आठवड्यात आठवीच्या मुलांना. अडलंय ते क्रमाशी.

मी सगळं सनावळीप्रमाणे लावलं होतं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला, पुढे १८५३ ची आगगाडी, १८९३ चं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि शेवटी तलाव. पण कट्ट्यावर सुरुवात मासुंदा तलावानेच करायला हवी. तलावपाळीचा जुना फोटो पडद्यावर आला की प्रत्येकाला आपलं काहीतरी आठवतं आणि माणसं बोलायला लागतात. मुलांना मात्र आधी गाडी दाखवायची आहे : १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. आपण रोज जिथे लोकल पकडतो तिथेच ती गाडी येऊन थांबली, हे कळल्यावर मुलं पुढचं लक्ष देऊन ऐकतात.

डावीकडच्या पट्टीत स्लाइड माउसने धरून वर न्यायला गेले की पट्टी भराभर सरकते आणि स्लाइड भलत्याच जागी पडते. काल किल्ल्याचा नकाशा कोपिनेश्वर मंदिर आणि मासुंदा यांच्या मधोमध जाऊन बसला. कोपऱ्यात मी हाताने टाकलेले '१७/५८' असे आकडेही सगळे चुकले. म्हणून फाइलची दुसरी प्रत केली, तर एका प्रतीत दुरुस्त केलेली सनावळ दुसरीत चुकीचीच राहिली. मुलांसमोर चुकीचं साल गेलेलं मला चालणार नाही. फाइल एकच ठेवून हे जमेल का?

प्रतिसाद १
ताई, ती पट्टी सोडून द्या. 'व्ह्यू'मध्ये 'स्लाइड सॉर्टर' घ्या, म्हणजे पत्ते मांडल्यासारख्या सगळ्या स्लाइड एकदम दिसतील. खाली उजवीकडे झूम कमी केलं की ५८ ही एका नजरेत येतात. कंट्रोल दाबून हव्या त्या स्लाइडवर क्लिक करत जा आणि मग सगळ्या एकत्र ओढा. एखादीच हलवायची असेल तर पट्टीत ती निवडून कंट्रोल आणि वरचा किंवा खालचा बाण दाबा, एकेक घर सरकते. चुकलं तर कंट्रोल झेड.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, पण ताईंना दोन क्रम हवे आहेत, त्यासाठी 'कस्टम स्लाइड शो' आहे. 'स्लाइड शो' टॅबमध्ये तो उघडून 'न्यू' करा, 'कट्टा' असं नाव द्या, डावीकडच्या यादीतून स्लाइड निवडून 'ॲड' करा आणि उजवीकडच्या बाणांनी वरखाली लावा. तसाच दुसरा 'शाळा' नावाने करा. मूळ स्लाइड जागच्या जागी राहतात, त्यामुळे साल एकदा सुधारलं की दोन्हीकडे सुधारतं.

हाताने टाकलेले आकडे मात्र काढून टाका. 'इन्सर्ट'मधला स्लाइड नंबरही इथे मूळ फाइलमधलाच दिसतो, त्यामुळे पडद्यावर ४१ नंतर ९ येईल.

आणखी एक. विषयवार गट करायला दोन स्लाइडच्या मध्ये राइट क्लिक करून 'ॲड सेक्शन' करा. मग तलावांचा अख्खा गट एका झटक्यात वर नेता येतो. गट मोडायचा असेल तेव्हा फक्त 'रिमूव्ह सेक्शन' निवडा. त्याखालच्या पर्यायाने गटासोबत स्लाइडही उडतात.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही शो तयार झाले. आकडे काढायला तासभर लागला, पण स्लाइड मोकळ्या दिसायला लागल्या. एक अडचण उरली होती : एफ५ दाबलं की मूळ क्रमच सुरू व्हायचा.

प्रतिसाद २
'सेट अप स्लाइड शो'मध्ये 'कस्टम शो' निवडून त्यात 'कट्टा' ठेवा. शाळेत जाण्याआधी तिथेच 'शाळा' करा.

धागाकर्ती
केलं. एफ५ दाबलं आणि पहिलाच मासुंदा आला.