लाँग ब्रांचची पॉइंट टू टू रायफल ९०० डॉलरला घ्यावी का?

मिसिसागाकर:
नमस्कार मंडळी, कॅनडातल्या मिसिसागाहून लिहितोय. आमच्या शेजारीणबाईंचे वडील गेल्या थंडीत वारले. तळघर आवरताना एक रायफल निघाली. दिसायला थेट थ्री-नॉट-थ्री, पण नळीच्या भोकात पेन्सिलसुद्धा जाणार नाही, म्हणजे पॉइंट टू टू, बारीक गोळीची. डाव्या अंगाला लाँग ब्रांच, सी नंबर ७ आणि १९४४ असं कोरलंय. माझं बंदुकीचं लायसन्स गेल्याच वर्षी कोर्स करून झालंय, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. बाई ९०० म्हणतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मोह का पडला तेही सांगतो. १९९४ साली साताऱ्यात एनसीसीच्या कॅम्पला असंच धूड हातात आलं होतं. आम्ही त्याला 'बीएसए' म्हणायचो. खाली ताडपत्री, समोर पंचवीस यार्डांवर टार्गेट, माणशी पाच गोळ्या. उस्तादांना आमच्या नेमापेक्षा रिकाम्या पुंगळ्यांची काळजी जास्त. एक पुंगळी गवतात हरवली तर अख्खी प्लाटून तासभर रांगत होती.

टूलरूमकर:
भावाचं नंतर बोलू. नंबर ७ नावाच्या दोन वेगळ्या रायफली आहेत, त्यातली तुमची कुठली ते आधी बघू. एक विलायती: बीएसए या इंग्लिश कंपनीने रॉयल एअर फोर्ससाठी केलेली, पाच गोळ्यांच्या मॅगझिनची, फक्त २,५०० निघाल्या. दुसरी आपल्या इथल्या, कॅनडातल्या लाँग ब्रांच कारखान्याची, एकेक गोळी हाताने भरायची. तुमची ही दुसरी. कुणी विलायतीचा भाव दाखवला तर हुरळू नका.

तुमच्या कॅम्पातली बहुतेक नंबर २ मार्क ४ असणार, म्हणजे जुन्या थ्री-नॉट-थ्रीचीच पॉइंट टू टू केलेली. गंमत अशी की तिचं मॅगझिन आतून पोकळ डबा असतं आणि रिकाम्या पुंगळ्या त्यात पडतात. मग तुमची गवतात कशी गेली? डबा काढून ठेवलेला असेल, नाहीतर ती 'डिलक्स', म्हणजे एनसीसीतली दुसरी पॉइंट टू टू असेल.

आता बघायचं काय? माझी उभी हयात पिंपरीच्या टूलरूममध्ये गेली, म्हणून मी भिंग घेऊन बसतो. लाँग ब्रांचने थ्री-नॉट-थ्रीच्या नंबर ४ रायफली नऊ लाखांवर काढल्या. त्यातल्या एखादीला बारीक नळी बसवून सोंग आणणारे भेटतात. बोल्ट, म्हणजे गोळीमागे बसणारा सरकता भाग, काढा आणि तोंडाकडून बघा. थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस मधोमध पेटतं, पॉइंट टू टूचं काठावर. सुईचं, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या पिनेचं, भोक मध्यावर दिसलं तर तो बोल्ट तिचा नाही. मग बोल्टच्या दांड्यामागचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे का ते पाहा. निम्मा भाव तिथे ठरतो.

पुढचं नखाने बघायचं. कोरलेल्या अक्षरांच्या कडा नखाला लागल्या पाहिजेत. बफवर घासून नवा काळा रंग दिला की कडा गोल होतात आणि इंग्रजी सीमधला बाण, म्हणजे कॅनडा सरकारचा शिक्का, पुसट होतो. दस्त्याच्या टोकाच्या पट्टीवरून बोट फिरवा. लाकूड पट्टीच्या बरोबरीने किंवा केसभर वर हवं. पट्टी वर आणि लाकूड खाली लागलं, तर कुणीतरी पॉलिशपेपर मारलाय.

हे मी पैसे मोजून शिकलो. २०११ मध्ये एका लिलावात कोबर्गची कूई ८२ घेतली, तीही लष्करी शिकवणीचीच. इतकी लखलखीत की मला भुरळच पडली. घरी भिंगाखाली धरली तर बाणाची नुसती सावली. २६० दिले होते, विकायला काढली तर १५० ला कुणी हात लावेना.

नंबर जुळले आणि रंग मूळचा असेल तर ९०० द्या. माझी मी २०१५ ला ७०० ला घेतली, पट्ट्याशिवाय. नंबर नाही जुळले तर ६०० च्या वर जाऊ नका. साताऱ्याच्या आठवणीचे पैसे त्यात धरू नका, ते बाईंना द्यायचे नाहीत.

हॅमिल्टनवाली:
काका, तेवढ्या पैशांत नवीकोरी पॉइंट टू टू येईल, वर दुर्बीण आणि वर्षभराच्या गोळ्या.

टूलरूमकर:
येईल की. नुसता नेम धरायचा असेल तर तीच घ्या, मी नाही म्हणत नाही. पण ही जिथे तपासली गेली ती इमारत लेकशोर रोडवर अजून उभी आहे. आता तिथे कलाकेंद्र आहे. त्या कारखान्यात कामाला बहुतेक बायकाच होत्या. नव्या रायफलीत हे येत नाही.

हो, एक राहिलंच. तळघरात पोरांनी रिकामा चाप ओढून खेळ केला असेल तर सुई नळीच्या मागच्या काठावर आपटून खळगा पडतो. टॉर्च धरून बघा. खोल असेल तर पुंगळी बाहेर निघताना अडते.

मिसिसागाकर:
काल संध्याकाळी जाऊन आलो. नंबर जुळतात. सुईचं भोक काठाला. बाण स्वच्छ, नखाला चांगला लागतो. लाकूडही बरोबर. पण खळगा आहे, बारीक. बाई म्हणाल्या, मी आणि भाऊ लहानपणी खेळायचो. त्यांनी आपणहून ७५० केले. बिस्किटाच्या डब्यात वडिलांचं टार्गेटचं कार्डही सापडलं, पाचही भोकं एका नाण्याखाली झाकतील अशी. ते मात्र त्यांनी ठेवून घेतलं. लायसन्सच्या पडताळणीचा रेफरन्स नंबर आला की रायफल आणतो. नळी आतून काळपट दिसते, ती कशी साफ करू?

टूलरूमकर:
बोल्ट काढून मागच्या बाजूने. पुढून सळई घालू नका, तोंडाची कड झिजते आणि मग नेमच बसत नाही. काळपटपणा बहुतेक शिशाचा असेल. आधी तेल घालून रात्रभर ठेवा.