हॉटेलसारखं तिखट केसो डिप: दहा मिनिटांत रवाळ का होतं?

मिरचीदेठ:
टेक्स-मेक्स (टेक्सास-मेक्सिकन पद्धतीच्या) हॉटेलात चिप्सबरोबर वाटीतून येतं ते पांढरं, पातळसर, तिखट केसो डिप, म्हणजे वितळलेल्या चीजचं डिप, घरी जमत नाहीये. माझं प्रमाण असं: मॉन्टेरे जॅक चीज २०० ग्रॅम, शार्प चेडर १०० ग्रॅम (दोन्ही पाकिटातलं किसलेलं), दूध १ कप, २ हालापेन्यो (मेक्सिकन हिरव्या मिरच्या), अर्ध्या लिंबाचा रस. दूध उकळलं की चीज घालते. तळाशी चीजचा गोळा होतो, वर पिवळं तेल तरंगतं आणि उतरवल्यावर दहा मिनिटांत सगळं रवाळ. चव ठीक आहे, पोत नाही. मैद्याचा व्हाइट सॉस करून त्यात चीज घातलं, तर पास्त्यासारखं लागलं. पुण्याला बहिणीलाही कृती हवी आहे. तिकडच्या चीजमध्ये होईल का?

चिपचुरा:
चीज बदला, अर्धं काम तिथेच होईल. हॉटेलातल्या पांढऱ्या केसोत बहुतेक ठिकाणी व्हाइट अमेरिकन चीज असतं. सुपरमार्केटच्या डेली काउंटरवर मागा आणि सलग तुकडा कापून घ्या. प्लॅस्टिकमध्ये एकेक गुंडाळलेले स्लाइस नकोत, त्यात चीजचा अंश कमी असतो.

कारण असं. जॅक किंवा चेडरमधलं केसीन हे प्रथिन कॅल्शियमने बांधलेलं असतं आणि त्या जाळीत स्निग्धांश आणि पाणी अडकलेलं असतं. जास्त तापलं की जाळी आवळते, तूप बाहेर पडतं, उरतो तो चोथा. अमेरिकन चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार आधीच असतात. ते कॅल्शियम ओढून घेतात, जाळी सैल होते आणि मोकळं झालेलं प्रथिन तूप-पाणी धरून ठेवतं. जुनं, मुरलेलं चेडर सगळ्यात लवकर फुटतं. किसलेल्या पाकिटात चीज चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज घातलेलं असतं, रवाळपणात त्याचाही हात आहे. आणि लिंबू तर काढाच. गरम दुधात लिंबू म्हणजे पनीरची सुरुवात.

चार जणांना पुरेल असं प्रमाण: व्हाइट अमेरिकन २२५ ग्रॅम (अर्धा पाउंड), दूध १२० मिली, लोणी १ टेबलस्पून, अगदी बारीक चिरलेला कांदा २ टेबलस्पून, १ हालापेन्यो, डब्यातल्या भाजलेल्या हिरव्या मिरच्या (४ औंसाचा छोटा डबा, पाणी निथळून), जिरेपूड पाव टीस्पून. जिरं यापेक्षा जास्त झालं की मसाला ताक आठवतं. मीठ अजिबात नाही.

लोण्यात कांदा आणि हालापेन्यो मंद आचेवर परता. कांदा पारदर्शक व्हावा, लाल नाही. मिरचीचा तिखटपणा स्निग्धांशात उतरतो, म्हणून ती आधी लोण्यात. नंतर वरून घातली तर फक्त चावताना लागते. दूध घाला, कडेला बारीक बुडबुडे दिसले की आच अगदी कमी करा आणि चीजचे छोटे तुकडे मूठमूठ घालत ढवळा. एक मूठ पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरी नाही. उकळी येऊ द्यायची नाही. शेवटी डब्यातल्या मिरच्या आणि जिरं.

दाटपणा पातेल्यात बघून कळत नाही. पाकाची तार बघतो तसं करा: चमचाभर डिप थंड बशीत टाका, एक मिनिट थांबा, बशी तिरकी करा. हळूहळू ओघळलं तर बरोबर. जागचं हललं नाही तर चमचाभर गरम दूध. पातेल्यात ते थोडं जास्तच पातळ वाटलं पाहिजे.

तोळामासा:
वरचं बरोबर आहे, पण अमेरिकन चीजची चव फार सौम्य. पेपर जॅक (मिरची घातलेलं जॅक चीज) वापरायचं असेल तर सोडियम सायट्रेट वेगळं घाला. पेपर जॅक ३०० ग्रॅम (स्वतः किसलेलं), दूध २४० मिली, सोडियम सायट्रेट १० ग्रॅम. चमच्याने नको, वजनकाट्यावर मोजा. जास्त झालं तर खारट-तुरट लागतं. ते आधी थंड दुधात विरघळवा, मग तापवून चीज घाला आणि शेवटी हँड ब्लेंडर फिरवा.

सायट्रेट मिळालं नाही तर घरी होतं. मोठ्या पातेल्यात २४० मिली पाणी, ७.५ ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड), १० ग्रॅम खायचा सोडा. जोरात फसफसतं, छोटं भांडं घेतलंत तर ओट्यावर येईल. फेस थांबला की मिनिटभर उकळा, तयार. दूध आणि सायट्रेटच्या जागी हेच पाणी. हे दुधात करू नका, दूध नासेल. दुधाची चव हवी असेल तर फेस थांबल्यावर त्याच पाण्यात २ टेबलस्पून दूध पावडर.

तिसरा मार्ग कॉर्नफ्लोरचा: २२५ ग्रॅम किसलेल्या चीजला १ टेबलस्पून कॉर्नफ्लोर चोळायचं आणि इव्हॅपोरेटेड मिल्कमध्ये (डब्यातलं आटवलेलं, बिनसाखरेचं दूध) शिजवायचं. चालतं, पण थंड झाल्यावर खिरीसारखं घट्ट होतं.

भजीची_मिरची:
पुण्यासाठी. अमूलच्या प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सायट्रेट असतंच, घटकांच्या यादीत दिसेल. म्हणजे अमेरिकन चीजची जागा तेच घेतं. २५ ग्रॅमचे ८ क्यूब (२०० ग्रॅम), दूध ११० ते १२० मिली, बाकी वरची कृती जशीच्या तशी. रंग थोडा पिवळसर येईल.

डब्यातल्या मिरच्यांऐवजी दोन भावनगरी मिरच्या थेट गॅसवर काळ्या होईपर्यंत भाजा, पाच मिनिटं झाकून ठेवा, साल आणि बिया काढून बारीक चिरा. साल काढल्यावर धुवू नका, धुराचा वास पाण्याबरोबर जातो. तिखटासाठी एक साधी हिरवी मिरची. लवंगी एकच असली तरी चीजची चव संपते. बरणीतले हालापेन्यो घ्यायचे तर मुठीत घट्ट पिळून, कारण त्यात व्हिनेगर असतं.

मोझरेला थोडंच. ५० ग्रॅमच्या वर गेलात की पिझ्झासारख्या तारा सुटतात आणि चिपबरोबर अख्खा गोळा वर येतो. पनीर वाटून घालायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो, पण पनीर आम्लाने फाडलेलं असल्याने वितळतच नाही. तिकडे अमेरिकेत दुकानात केसो फ्रेस्को नावाचं चीज मिळतं त्याचीही तीच गत, नाव बघून फसू नका. आणि इव्हॅपोरेटेड मिल्कच्या जागी मिल्कमेड कृपया नको, ते गोड असतं.

मिरचीदेठ:
आभार! तीन शंका. फुटलेलं डिप वाचवता येतं का? पार्टीत दोन तास कसं टिकवायचं? आणि त्या लाल टोमॅटोवाल्या पिवळ्या केसोचं काय?

चिपचुरा:
तेल नुकतंच सुटायला लागलं असेल तर आच बंद, २ टेबलस्पून गरम दूध, अमेरिकन किंवा प्रोसेस्ड चीजचा एक तुकडा आणि ब्लेंडर. बहुतेक वेळा जमून येतं. चोथा पूर्ण वेगळा झाला असेल तर डिप म्हणून वाचत नाही, सँडविचमध्ये घाला.

टिकवायला स्लो कुकर ‘वॉर्म’वर, झाकण ठेवून, नाहीतर साय धरते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी ढवळा, दाटलं की चमचाभर दूध. पुण्यात कॅसरोल उकळत्या पाण्याने आधी तापवून घ्यायचा. तासभर आरामात जातो, दुसऱ्या तासाला परत गरम करा. उरलेलं फ्रीजमध्ये तीन दिवस. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर ३०-३० सेकंद, मध्ये ढवळत.

पिवळं म्हणजे १६ औंस वेल्व्हीटा (प्रोसेस्ड चीजचा प्रकार) आणि रोटेलचा (टोमॅटो-हिरव्या मिरच्यांचा) १० औंसाचा डबा, बस्स. टोमॅटो आंबट असूनही ते फुटत नाही, कारण वेल्व्हीटात हे क्षार भरपूर असतात. पांढऱ्यात टोमॅटो हवाच असेल तर बिया आणि रस काढून, वाढताना वरून.