मदत हवी आहे: के-रास 'कायम चालू' असतं, तर सोटोरासिब त्याला पकडतं कसं?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या सेमिनारला के-रास हे कर्करोगाशी जोडलेलं जनुक घेतलंय. परवा बोलायचंय आणि एका जागी गाडं अडलंय.

मला कळलंय ते असं. जनुक १२व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर. प्रथिन छोटंसं, १८८-१८९ अमिनो आम्लांचं, पेशीपटलाला आतून चिकटून बसणारं. वाढीचा संदेश आला की एसओएस हे प्रथिन त्यात बसलेला जीडीपी हा छोटा रेणू सैल करतं, रिकाम्या जागी जीटीपी (त्याचाच एक फॉस्फेट जास्त असलेला भाऊ) बसतो आणि के-रास 'चालू' होतं. पुढे संदेश नेणारी राफ, मेक, एर्क ही प्रथिनांची साखळी. जीटीपीचा एक फॉस्फेट तुटला की 'बंद'. ही तोडातोडी के-रास एकटं फार रमतगमत करतं, म्हणून गॅप प्रथिन मदतीला येतं.

जी१२सी उत्परिवर्तनात १२व्या जागचं ग्लायसिन जाऊन सिस्टीन येतं. ग्लायसिनची बाजूची साखळी म्हणजे नुसता एक हायड्रोजन, त्यामुळे तिथे गॅपच्या आर्जिनिनला शिरायला जागा असते. सिस्टीन आलं की ती जागा अडते, गॅपची मदत तुटते. इथपर्यंत ठीक.

पण सोटोरासिब हे जी१२सीवरचं कर्करोगाचं औषध (अमेरिकेत २०२१ साली मान्यता) चिकटतं ते जीडीपीवाल्या, म्हणजे बंद प्रथिनाला! आणि जिथे बघावं तिथे उत्परिवर्तित के-रास 'कायम चालू' असंच लिहिलंय. मग औषधाला बंद प्रथिन सापडतं कुठून? गाईडना विचारलं, तर "वाच, कळेल". वाचूनच तर डोकं फिरलंय.

प्रतिसाद १
सगळा घोळ त्या 'कायम' शब्दाने केलाय. गॅपची मदत तुटली, तरी फॉस्फेट तोडायची स्वतःची ताकद सगळ्या उत्परिवर्तनांत सारखी जात नाही. जी१२सीमध्ये ती जवळजवळ मूळ प्रथिनाइतकीच शाबूत असते. त्यामुळे ते बंद होतं, पण सावकाश, मिनिटांच्या हिशोबात. मग एसओएस पुन्हा चालू करतं. असं मागे-पुढे सुरूच असतं.

औषध दाराआड दबा धरून बसल्यासारखं असतं. दार लागलं रे लागलं की कडी घालतं. सिस्टीनच्या गंधकाशी सहसंयुज बंध होतो, तो सुटत नाही. निरोगी के-रासमध्ये त्या जागी सिस्टीनच नाही, म्हणून ते वाचतं. औषध बसतं तो खळगा २०१३ मध्ये केव्हन शोकॅट यांच्या प्रयोगशाळेने दाखवला. त्याआधी हे प्रथिन इतकं गुळगुळीत मानलं जायचं की औषधवाले त्याच्या वाटेला जात नसत.

प्रतिसाद २
वरच्याला दुजोरा. प्रथिन खरंच कायम चालू असतं, तर वरून येणारा संदेश अडवून काहीच फरक पडला नसता. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सोटोरासिबच्या जोडीला पॅनिटुमुमॅब देतात, ते ईजीएफआर हे पेशीवरचं, वाढीचा संदेश घेणारं प्रथिन अडवतं. म्हणजे पुन्हा चालू करणारा हातच आखडतो आणि औषधाला बंद प्रथिन जास्त मिळतं. सेमिनारात हे सांगाच, परीक्षक खूश होतील.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार! स्लाइडवरचं 'कायम चालू' खोडून 'बहुतेक वेळ चालू' केलं. आता नवी धास्ती: जी१२डी या दुसऱ्या उत्परिवर्तनात तर सिस्टीन नाही, अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे. तिथे कडी कशाला अडकवायची, असं कुणी विचारलं तर?

प्रतिसाद १
तिथे ही युक्ती चालत नाही. खळग्यात बंधाशिवायच घट्ट बसेल असा रेणू घडवावा लागतो, आणि तसे रेणू तयार झालेत. एवढं सांगा आणि पाणी प्या.