म्हादईवरच्या कॉमेंटींचा अभ्यास: डेटा कुठून, साधनं कोणती?

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी 'म्हादईवर गोंयकार समाजमाध्यमांवर काय बोलतात' हा विषय घेतलाय. या नदीच्या पाण्यावरून गोवा-कर्नाटकाचा वाद आहे. त्यातला ऑगस्ट २०१८चा लवादाचा निवाडा आणि डिसेंबर २०२२च्या अखेरीस कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा या पाणी वळवायच्या प्रकल्पाच्या अहवालाला केंद्रीय जल आयोगाची मिळालेली मान्यता, या दोन वेळच्या चर्चांची तुलना करायचीय. एक्सेल बऱ्यापैकी येतं, पायथनची नुकती तोंडओळख. खिसा रिकामा. सर म्हणतात, सेंटिमेंट अॅनालिसिस कर, म्हणजे कॉमेंटीचा सूर बाजूनं की विरुद्ध ते यंत्राकडून ठरवून घे. सुरुवात कुठून करू?

काणकोणचो_खलाशी
आधी डेटाचं बघा. ट्विटरचं संशोधकांसाठीचं फुकटचं दार २०२३मध्ये बंद झालं. फेसबुकवरच्या पोस्टी धुंडाळायला क्राउडटँगल हे साधन होतं, ते मेटानं ऑगस्ट २०२४मध्ये गुंडाळलं. त्याजागी आलेल्या मेटा कंटेंट लायब्ररीसाठी रीतसर अर्ज लागतो. प्रबंधिकेच्या मुदतीत हातात पडेल या भरवशावर राहू नका.

राहता राहिलं यूट्यूब. त्याची डेटा एपीआय (प्रोग्रॅममधून डेटा मागवायची सोय) फुकट आहे, रोजचा कोटा १०,००० युनिटांचा. एका विनंतीत १००पर्यंत कॉमेंटी येतात आणि खर्च होतो फक्त १ युनिट. व्हिडिओ शोधायला मात्र दर शोधाला १०० युनिटं जातात. म्हणून निवाड्याच्या नि मान्यतेच्या आठवड्यांतल्या बातम्यांचे व्हिडिओ हातानं शोधा, त्यांचे आयडी एक्सेलमध्ये उतरवा आणि एपीआयकडून कॉमेंटी तेवढ्या ओढा. गूगल कोलॅबवर (ब्राउझरमध्येच पायथन चालवायची सोय) सगळं होतं, लॅपटॉप जुनापुराणा असला तरी. एक मेख आहे: कॉमेंटीखालची सगळी उत्तरं त्याच विनंतीत येतीलच असं नाही, ती वेगळी मागवावी लागतात. खरी भांडणं तिथंच जुंपलेली असतात!

वाळपयची_सून
सरांचा मान राखून सांगते, सेंटिमेंट नंतर. आधी दोनतीनशे कॉमेंटी बसून वाच. 'भले शाब्बास! आता आंघोळीलाही बाटलीतलं पाणी आणू' ही कॉमेंट यंत्राला दे, 'शाब्बास' बघून खूश होण्याची शक्यता दांडगी. पुण्याच्या एल३क्यूब गटाचं महाबर्ट हे भाषेचं मॉडेल मराठीसाठी चांगलं आहे, पण गोव्याच्या कॉमेंटी निव्वळ मराठी असतात कुठे? देवनागरी कोंकणीला यंत्रं सर्रास मराठी समजतात. रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, रोमन अक्षरांत टंकलेली मराठी आणि मध्येच इंग्रजी, हे सगळं एकाच माणसाच्या चार ओळींत. नदीचं नावसुद्धा म्हादई, म्हादय, महादयी, महादायी. रोमन स्पेलिंगं आणखी वेगळी. सगळी रूपं यादीत घाल, नाहीतर गाळणीतून निम्मं गळेल.

'बाजूनं' आणि 'विरुद्ध' यांत मला तरी फारसं हशील दिसत नाही. राग कोणावर आहे ते बघ: कर्नाटकावर, दिल्लीवर, की आपल्याच सरकारवर? २०१८ ते २०२२ यात काही सरकलं असेल तर ते इथं सापडेल. असे पाचसहा वर्ग ठरव, त्याच कॉमेंटी मैत्रिणीला स्वतंत्रपणे लावायला दे आणि दोघींचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पानं (योगायोगानं जुळलेलं वगळून जुळणी सांगणारा आकडा) मोज. जुळत नसेल तर वर्गांच्या व्याख्या पुन्हा लिही.

दोतोर_ना
जेफी हे सॉफ्टवेअर वापरा, कोण कोणाशी बोलतं त्याची फर्मास जाळी काढतं.

वाळपयची_सून
मुखपृष्ठाला शोभेल. पण एकेका व्हिडिओखाली एकदाच येऊन जाणाऱ्यांचं जाळं काढून कळणार काय?

फोंडेकरीण
धन्यवाद ताई, खलाशीदादा. लोकांची नावं वापरली तर कायद्यानं अडचण येईल का?

काणकोणचो_खलाशी
२०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माणसानं स्वतःहून जाहीर केलेला मजकूर वगळलेला आहे. तरी नावं काढाच. आणि कॉमेंट जशीच्या तशी छापू नका. ते वाक्य शोधयंत्रात टाकलं की माणूस सापडायचा. आशय आपल्या शब्दांत द्या.

दुसरं, शीर्षकातलं 'गोंयकार' काढा. कॉमेंट करणारा बेळगावचा, आखातातला की लंडनचा, यूट्यूब सांगत नाही. सत्तरी तालुक्यातली नदीकाठची म्हातारी तर कॉमेंट लिहीतच नाही. शिवाय २०१८च्या कॉमेंटी तुम्ही आज उचलणार, मधल्या काळात पुसलेल्या गेल्या त्या गेल्या. तुलनेच्या प्रकरणात हे लिहायला लागेल.

फोंडेकरीण
शीर्षक बदलते, सरांना पटवावं लागेल. कप्पासाठी दुसरी व्यक्ती हवीय, मराठी आणि रोमी दोन्ही सहज वाचणारी. माझ्या मैत्रिणी रोमीला अडतात.

दोतोर_ना
रोमी वाचत वाढलोय, मराठी शाळेत शिकलो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जेफीचा आग्रह धरणार नाही.