मदत हवी आहे: हिरड्यांतून रक्त, साखर ८.९. आधी दात की आधी मधुमेह?

आंबेमोहोर: बाबा ६२ वर्षांचे, जुना मधुमेह. ताजं एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८.९. गोळ्या: मधुमेहाची मेटफॉर्मिन, रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि अ‍ॅस्पिरिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी). ब्रश करताना रक्त येतं, खालचे पुढचे दोन दात हलतात. दंतवैद्यांनी भूल देऊन खोल सफाई (स्केलिंग, रूट प्लेनिंग) सांगितली आहे. घरी सगळे म्हणतात, आधी साखर उतरू दे, शिवाय सफाईने दात खिळखिळे होतात. थांबावं का? अ‍ॅस्पिरिन बंद करायची का? बाबा रोज सकाळी मिश्री लावतात.

कडुलिंब: थांबू नका. साखर चढी असली की हिरड्यांचा जंतुसंसर्ग बळावतो. तो संसर्ग टिकून राहिला की शरीरात सतत दाह राहतो आणि इन्सुलिनला हवा तसा प्रतिसाद मिळत नाही, म्हणजे साखर उतरायची वाट बघण्यात तीच उतरायला अडथळा होतो. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास खाली येतं, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. गोळ्यांची जागा हे घेत नाही, पण ८.९ वाल्या माणसाला एवढी घटही मोलाची आहे.

दात खिळखिळे होण्याबद्दल: कीटण, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर, दातांना एकमेकांशी बांधून ठेवतं. खालचं हाड आधीच झिजलेलं असतं, कीटण निघालं की ती झीज लक्षात येते. सूज उतरल्यावर फटीही दिसतात. दात हलायला लावतो तो आजार, सफाई नव्हे.

तपकिरी_दौत: अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. सफाईचं रक्त गॉज दाबून थांबतं. गोळी बंद केल्याने हृदयात गुठळी झाली तर ते फार महागात पडेल. दंतवैद्यांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या वाढतात, दातांवर चढतात. तसं दिसत असेल तर गोळी बदलण्याबद्दल फिजिशियनशी बोला.

वेळ सकाळची घ्या. नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या घेऊनच जायचं. उपाशी गेल्यास खुर्चीतच साखर घसरू शकते. ग्लुकोमीटर आणि साखर सोबत असू द्या.

आंबेमोहोर: खूप आभार. कागदावर प्रत्येक दाताखाली ३, ५, ६ असे आकडे लिहिलेत. ते काय?

कडुलिंब: हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेची खोली, मिलिमीटरमध्ये. ३ पर्यंत ठीक. ४ च्या पुढे ब्रश तळापर्यंत पोचत नाही, ५-६ ला तर नुसत्या घरच्या सफाईने भागत नाही. हा कागद जपून ठेवा. सफाईनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या आणि आकडे ताडून पाहा. ६ चे ६ च राहिले तर हिरडीची शस्त्रक्रिया लागू शकते. पुढेही दर तीन-चार महिन्यांनी दाखवत राहा. इथेच बहुतेक जण ढिले पडतात आणि सगळं परत येतं.

घरी: मऊ ब्रश, हिरडीच्या कडेशी ४५ अंशात तिरका धरून, हलकेच, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. फटी मोठ्या असतील तर फ्लॉसपेक्षा दातांच्या फटींत घालायचा छोटा ब्रश चांगला. तो फटीत सहज पण किंचित घासत जायला हवा. जबरदस्तीने खुपसला तर हिरडी सोलवटते, माप दंतवैद्यांकडून ठरवून घ्या. क्लोरहेक्सिडिन (गुळणीचं औषध) ०.२ टक्क्यांचं दिलं असेल तर १० मिलि, एक मिनिट, दोनदा. सांगितलेल्या मुदतीपुरतंच, सहसा दोन आठवडे. जास्त दिवस वापरलं की दात तपकिरी पडतात, चव जाते. ब्रशनंतर अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा परिणाम कमी होतो.

तपकिरी_दौत: आणि मिश्री. ती भाजलेली तंबाखूच आहे, दातांचं औषध नव्हे. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजाराच्या मानाने रक्त कमी दिसतं. सोडल्यावर काही दिवस रक्त जास्त येऊ शकतं. त्या वेळी 'मिश्री होती तेव्हा बरं होतं' म्हणून बाबा परत तिकडे वळतील, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.