काळ्या जमिनीत घर: ठेका मालासकट द्यावा की मजुरीवर?

प्रश्न: यवतमाळकडे काळ्या जमिनीत ८०० चौरस फुटांचं स्लॅबचं घर बांधायचं आहे. ठेकेदार मालासकट चौरस फुटाचा भाव सांगतोय. द्यावा का?

उत्तर: भाऊ, आधी खड्डा खोदून पाहा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यातच थांबला तर भिंती तिरप्या तडकतात. मुरूम किती फुटांवर लागतो हे कळल्याशिवाय तो भाव अर्धवटच. खोदकाम आणि पायाचं काँक्रीट घनफुटावर वेगळं लिहून घ्या. जोत्यात तीच काळी माती परत भरू देऊ नका. मुरूमच भरा, ६-६ इंचांचे थर, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून घट्ट करून.

उत्तर: रोज साइटवर थांबता येत असेल तर मजुरीवरच द्या, माल तुम्ही आणा. ५ इंची स्लॅब म्हणजे ८०० × ५ ÷ १२ = ३३३ घनफूट; एम-२० (स्लॅबसाठी वापरतात त्या ताकदीच्या) काँक्रीटला सिमेंटच्या साधारण ७५ बॅगा. रेतीची ट्रॉली रिकामी करण्याआधी टेप लावा, १०० घनफूट म्हणजे १ ब्रास. ओली रेती फुगलेली असते, मापात फसवते.

उत्तर: सेंटरिंग (स्लॅब ओतायचा तात्पुरता साचा), सळई बांधणी, छज्जा, जिना भावात आहेत का, ते कागदावर घ्या. भांडणं तिथंच होतात. पैसे जोतं, लिंटेल (दार-खिडक्यांवरची तुळई), स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी. शेवटचे १० टक्के एक पावसाळा गेल्यावर.